जागल्या आणि गुप्तवार्ता : संरक्षणाच्या कायद्याची एक भाषिक समीक्षा

१

मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या बोलीत 'जागल' हा शब्द अद्याप जिवंत आहे. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात, गोरेगाव व त्याच्या आसपासच्या शिवारांत, पीक हाताशी आले म्हणजे रानडुकरे आणि रोही यांच्यापासून ते राखण्यासाठी माणसे रात्री शेतावर 'जागलीला' जातात. 'जागणे' या क्रियापदाशी नाते सांगणारा दुसरा शब्द 'जागल्या' हा होय. मोल्सवर्थने आपल्या कोशात त्याचा अर्थ गावाचा राखणदार असा दिला आहे. गावगाड्यातील हा अर्थ आता मागे पडला असला, तरी गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांनी या शब्दाला नवे काम दिले आहे. आपल्याच कार्यालयातील गैरव्यवहार उघडकीस आणणाऱ्या माणसाला इंग्रजीत 'व्हिसल ब्लोअर' म्हणतात. त्याला मराठीत 'जागल्या' म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

हा प्रतिशब्द मूळ शब्दाहून सरस आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. इंग्रजी शब्दात केवळ एक कृती आहे. मराठी शब्दात एक कर्तव्य आहे. शिट्टी कोणीही वाजवावी. जागल्याने मात्र जागलेच पाहिजे, कारण त्यासाठीच गावाने त्याला नेमलेले असते. तथापि शब्द एकटा येत नाही. तो आपल्याबरोबर आपली संस्थाही घेऊन येतो. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराचे वर्णन आहे. गावातील प्रत्येकाची चालचलणूक त्याला ठाऊक असे, आणि चोरी झाल्यास चोराचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवणे ही त्याची जबाबदारी असे. हे वर्णन पेशवाईतील गावांचे आहे, निजामाच्या मुलखातील नव्हे. परंतु जागल्या म्हणजे काय हे समजण्यास ते पुरेसे आहे. जागल्याला पोसणारे गाव होते, आणि म्हणून त्याची आरोळीही साऱ्या गावाला ऐकू जाण्यासाठी होती.

शासनाच्या गुप्तवार्ता खात्यात काम करणाऱ्या माणसाला हा शब्द लावता येईल काय, आणि त्याला कायद्याने दिलेले संरक्षण या शब्दाच्या कसोटीस उतरते काय, हा प्रस्तुत समीक्षेचा विषय आहे. कायद्याच्या धोरणाची चर्चा विधिज्ञांनी पुष्कळ केली आहे. येथे पाहावयाचे आहे ते त्याच्या शब्दांकडे. कारण या कायद्यात माणसाचे भवितव्य पुष्कळदा एखाद्या विशेषणाच्या व्याप्तीवर किंवा एखाद्या उपखंडाच्या उल्लेखावर टांगलेले आहे.

२

प्रथम मराठीचा शब्दसंग्रह पाहू. हेर, नजरबाज, बातमीदार, खबऱ्या हे शब्द एका गटातले. चहाडखोर, चुगलखोर, फितूर, घरभेदी हे दुसऱ्या गटातले. पहिल्या गटातील शब्द निदान तटस्थ आहेत, काहींना तर मानही आहे. दुसऱ्या गटातील प्रत्येक शब्द शिवी आहे. दोन्ही गटांतील माणसे करतात ती क्रिया मात्र एकच : एका ठिकाणची वार्ता दुसऱ्या ठिकाणी पोचवणे. मग भेद कशाचा? भेद आहे तो वार्तेच्या दिशेचा. वार्ता परक्याविषयीची असून आपल्या धन्याकडे जाते तेव्हा तिचा वाहक हेर ठरतो. वार्ता आपल्या घराविषयीची असून बाहेर जाते तेव्हा तिचा वाहक घरभेदी ठरतो. बिभीषणाला रामकथेने सज्जन मानले, तरी लोकांच्या बोलण्यात त्याचे नाव घरभेद्यासाठीच घेतले जाते, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. आपल्या घरातील अन्यायाची वार्ता न्यायाच्या ठिकाणी नेणाऱ्यासाठी जुन्या मराठीत स्वतंत्र नाम नाही. 'बोभाट' या शब्दात तशी एक शक्यता होती. ऐतिहासिक पत्रव्यवहारात तो रयतेच्या तक्रारीसाठीही येतो. पण आजच्या 'बोभाटा' या शब्दात नको ती वाच्यता एवढाच भाव उरला आहे. तक्रारीचे नाव हळूहळू गोंगाटाचे नाव झाले.

भाषेतील हा दिशाभेद कायद्यातही दिसतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १२५ व्या कलमानुसार गुन्ह्याची खबर कोणाकडून मिळाली हे सांगण्यास दंडाधिकाऱ्याला अथवा पोलीस अधिकाऱ्याला भाग पाडता येत नसे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हा नियम कायम ठेवला आहे. म्हणजे प्रजेविषयीची वार्ता शासनाला देणाऱ्या खबऱ्याचे नाव दीडशे वर्षांहून अधिक काळ झाकलेले आहे. गावपातळीवर हेच काम पदसिद्ध आहे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाच्या ६ व्या कलमात पोलीस पाटलाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत सार्वजनिक शांततेस बाधक अशी वार्ता गोळा करून ती पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला कळवणे हे एक स्पष्ट कर्तव्य आहे. राज्याच्या गुप्तवार्तेचे जाळे राजधानीत सुरू होत असले, तरी त्याचा शेवटचा धागा गोरेगावसारख्या गावात, पोलीस पाटलाच्या ओसरीवर येऊन टेकतो.

आता एक कल्पना करावी. कोणा एका गावच्या पोलीस पाटलाने दिलेली वार्ता वरच्या कोणी द्रव्य घेऊन दडपली, किंवा तिचा उपयोग निरपराध माणसाला अडकवण्यासाठी केला, आणि ही गोष्ट त्या पाटलाला समजली. गावाविषयीची वार्ता वर देणे हे त्याचे कर्तव्य कायद्याने शब्दबद्ध केले आहे. वरच्याविषयीची वार्ता कोणाला द्यावी याविषयी तोच कायदा मौन पाळतो. तरीही त्याने ती दिली, तर तो काय ठरेल : बातमीदार की चहाडखोर? कुंपणच शेत खाऊ लागले तर जागलीवरच्या माणसाने कोणाला हाक मारावी, असा हा प्रश्न आहे. एका पाटलापुरता तो लहान दिसतो. राज्य आणि केंद्र यांच्या गुप्तवार्ता यंत्रणांपाशी तो पोचतो तेव्हा त्याचे गांभीर्य ध्यानात येते.

३

त्या यंत्रणांच्या दाराशी उभा आहे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम. या अधिनियमाविषयी सर्वात लक्षणीय गोष्ट अशी की, ज्या शब्दावर त्याचे नाव उभे आहे त्या 'गुपित' शब्दाची व्याख्याच त्यात नाही. व्याख्येच्या अभावी सारा भार पडतो तो वाक्यरचनेवर. ३ ऱ्या आणि ५ व्या कलमांत निषिद्ध वस्तूंची एक लांबलचक यादी आहे : गुप्त शासकीय संकेत किंवा परवलीचा शब्द, आणि त्यापुढे रेखाचित्र, नकाशा, प्रतिकृती, वस्तू, टिपण, दस्तऐवज किंवा माहिती. यादीच्या आरंभी असलेले 'गुप्त' हे विशेषण पहिल्या पदापुरतेच आहे, की पुढील सर्व पदांना लागू आहे?

व्याकरणाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परिचित आहे. 'पांढरे घोडे आणि बैल' म्हटले असता बैलही पांढरेच असावेत काय, हे केवळ त्या पदसमूहावरून ठरत नाही. ते संदर्भावरून ठरते. दैनंदिन बोलण्यात या संदिग्धतेने कोणाचे बिघडत नाही. येथे मात्र तिच्यावर तुरुंगवास अवलंबून आहे. सामा अलाना अब्दुल्ला विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे ३ ऱ्या कलमाच्या संदर्भात नेमका हाच प्रश्न आला होता. न्यायालयाने असा निर्णय दिला की 'गुप्त' हे विशेषण संकेताला आणि परवलीच्या शब्दालाच लागते, नकाशा, टिपण, दस्तऐवज वगैरेंना नव्हे. ते प्रकरण हेरगिरीचे होते आणि ३ ऱ्या कलमात शत्रूला उपयोगी पडण्याची अटही आहे, हे खरे. पण तीच पदरचना ५ व्या कलमात येते, आणि ५ वे कलम हेरासाठी नसून विश्वासाने मिळालेली माहिती अनधिकृतपणे देणाऱ्यासाठी आहे. विशेषणाची व्याप्ती आखडली की गुन्ह्याची व्याप्ती वाढते, असा हा विलक्षण व्यस्त संबंध आहे.

याचे प्रत्यक्ष रूप मुंबईने १९८८ साली पाहिले. नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन बी. के. सुब्बाराव अमेरिकेला निघाले असता त्यांना मुंबईच्या विमानतळावर अटक झाली. आण्विक पाणबुडीच्या प्रकल्पातील भट्टीच्या आराखड्यावर त्यांनी पूर्वी टीका केली होती. त्यांच्यापाशी जे 'गुप्त' कागद सापडल्याचे सांगण्यात आले, त्यांत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने पीएच. डी.साठी स्वीकारलेला त्यांचा स्वतःचा प्रबंध होता. सुमारे वीस महिने ते कारागृहात होते. १९९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही शासनाचे अपील टिकले नाही. हे प्रकरण गुप्तवार्ता खात्यातील नव्हे. तरीही विद्यापीठाच्या वाचकाला ते विशेष जवळचे वाटेल. परीक्षकांनी वाचलेला, पदवीस पात्र ठरलेला प्रबंध जर गुपित ठरू शकतो, तर 'गुपित' हे नाम कोणत्याही वस्तूचा गुणधर्म सांगत नाही. ती वस्तू कोणाच्या हाती आहे एवढेच सांगते. दोषमुक्ती अखेरीस मिळाली हे न्यायसंस्थेचे श्रेय होय. गेलेले वीस महिने मात्र व्याख्याहीन शब्दाच्या खाती जमा आहेत. द्वितीय प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा अधिनियम रद्द करण्याची शिफारस केली होती. ती अमलात आलेली नाही.

'गुप्तवार्ता' या आपल्या प्रशासकीय शब्दातही हीच गुंतागुंत दडली आहे. या समासाचा विग्रह 'गुप्तपणे मिळवलेली वार्ता' असा करता येतो आणि 'गुप्त ठेवावयाची वार्ता' असाही. पहिल्यात रीत सांगितली आहे, दुसऱ्यात कर्तव्य. खात्याच्या रोजच्या कामात दोन्ही अर्थ बहुधा एकत्र नांदतात. परंतु एक तिसरी वस्तू या समासाच्या आडोशाला येऊन बसते : वार्ता मिळवणाऱ्यांनीच केलेले आणि म्हणून त्यांनीच झाकलेले गैरकृत्य. ते गुप्तपणे मिळवलेले नसते, आणि ते गुप्त ठेवणे हे राष्ट्रहिताचे कर्तव्यही नसते. जागल्याच्या संरक्षणाचा प्रश्न आहे तो केवळ या तिसऱ्या वस्तूपुरता. ती पहिल्या दोहोंपासून वेगळी करणे हेच कायद्याचे काम होते.

४

कायद्याने ते काम कसे केले आहे? १९८४ च्या पन्नासाव्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाची व्याप्ती वाढवली. त्यापूर्वी सशस्त्र दले आणि सुव्यवस्था राखणारी दले यांच्याच मूलभूत अधिकारांवर संसदेला मर्यादा घालता येत असे. दुरुस्तीनंतर गुप्तवार्ता व प्रतिगुप्तवार्ता संघटनांतील माणसे खंड (ग) मध्ये, आणि त्यांच्याशी संबंधित दूरसंचार यंत्रणांतील माणसे खंड (घ) मध्ये आली. लगोलग १९८५ मध्ये गुप्तवार्ता संघटनांच्या कर्मचाऱ्यांचे अधिकार मर्यादित करणारा अधिनियम झाला. त्या कर्मचाऱ्याने कामगार संघटनेत सामील होऊ नये, वृत्तपत्रांशी संपर्क ठेवू नये, पुस्तक वा पत्रक प्रसिद्ध करू नये, असे निर्बंध त्यात आहेत. भंग केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आहे. त्यास एक अपवाद आहे : प्रकाशन निव्वळ साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाचे असेल तर ते चालेल. म्हणजे त्या माणसाने कविता लिहावी, तक्रार लिहू नये. अपवादाच्या शब्दांतूनच हे ध्यानात येते की कायद्याला भीती लेखनाची नसून वार्तेच्या दिशेची आहे.

निवृत्तीनेही हे बंधन सुटत नाही. केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांत ३१ मे २०२१ रोजी जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अशा संघटनांतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला त्या संघटनेच्या कार्यक्षेत्राविषयी काहीही प्रसिद्ध करावयाचे तर पूर्वसंमती घ्यावी लागते, आणि संमती द्यावयाची ती त्याच संघटनेच्या प्रमुखाने. मेजर जनरल व्ही. के. सिंग हे 'रॉ' या परराष्ट्र गुप्तवार्ता संघटनेत काम करून निवृत्त झाले. २००७ मध्ये त्यांनी त्या संघटनेविषयी पुस्तक लिहिले, आणि त्यात उत्तरदायित्वाचा अभाव आणि खरेदीतील अनियमितता यांवर बोट ठेवले. शासकीय गुपिते अधिनियमाखाली त्यांच्यावर खटला भरण्यात आला, आणि २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. पुस्तकातील मजकूर सुरक्षिततेस बाधक आहे की नाही हा न्यायालयाचा विषय आहे. समीक्षकाने एवढेच पाहावयाचे की, ज्या माणसाला आपली तक्रार अधिकृत रीतीने, संघटनेच्या बाहेर, पण शासनाच्या आतच कोणापुढे ठेवता आली असती, असा एकही दरवाजा त्याच्यासाठी नावानिशी लिहिलेला नव्हता.

याच संघटनेच्या १९७५ च्या सेवानियमांतील १३५ वा नियम भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. गुप्तवार्ता अधिकारी म्हणून जो 'उघड' झाला असेल त्याला त्या नियमानुसार सक्तीने निवृत्त करता येते. एका महिला अधिकाऱ्याने वरिष्ठांविरुद्ध छळाची तक्रार केली. तिच्या प्रकरणाला प्रसिद्धी मिळाली. आणि ती 'उघड' झाली म्हणून २००९ मध्ये तिला निवृत्त करण्यात आले. २४ एप्रिल २०२० रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या पीठाने हा नियम वैध ठरवला. त्याच वेळी तिची तक्रार ज्या रीतीने हाताळली गेली तिच्याबद्दल एक लाख रुपये भरपाईही देवविली. नियमाच्या बाजूने न्यायालयाने जे सांगितले त्यात तथ्य आहे : ओळख फुटलेला अधिकारी गुप्त कामाला उरत नाही. पण 'उघड होणे' हे अकर्मक क्रियापद आहे. कोणी उघड केले, कशामुळे, आधी काय झाकले गेले होते, हे त्यात विचारले जात नाही. ज्या व्यवस्थेत 'उघडकीस आणणे' या सकर्मक क्रियेचा परिणाम 'उघड होणे' या अकर्मक अवस्थेत होतो, आणि दंड मात्र त्या अवस्थेला मिळतो, तेथे तक्रार करणाऱ्याने कशाच्या भरवशावर तोंड उघडावे?

५

आता खुद्द संरक्षणाच्या कायद्याकडे वळू. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरप्रकार पंतप्रधानांना पत्राने कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली होती. ते नाव राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून केंद्र शासनाने २१ एप्रिल २००४ रोजी एक ठराव केला आणि अशा तक्रारी स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवले. हा ठराव आजही चालू आहे. त्यात तक्रार कोणी करावी हे सांगताना एक कंस येतो : संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदातील (क) ते (घ) या खंडांत उल्लेखिलेल्या व्यक्तींखेरीज कोणीही लोकसेवक.

वर पाहिल्याप्रमाणे गुप्तवार्ता संघटनांतील माणसे खंड (ग) मध्ये येतात. ठरावात 'गुप्तवार्ता' हा शब्द कोठेही उच्चारण्याची गरज पडली नाही. एका अनुच्छेदाची चार अक्षरे लिहून त्या सर्व माणसांना संरक्षणाबाहेर ठेवण्यात आले. नाव न घेता वगळण्याची ही रीत विधिलेखनात रूढ असली, तरी तिचा परिणाम विसरता येत नाही. ठराव वाचणाऱ्या सामान्य वाचकाला आपण वगळलो गेलो आहोत हे कळण्यासाठी दुसरा ग्रंथ उघडावा लागतो.

२०१४ चा अधिनियम या बाबतीत अधिक उदार आहे, हे मान्य केले पाहिजे. लोकसभेने २७ डिसेंबर २०११ रोजी आणि राज्यसभेने २१ फेब्रुवारी २०१४ रोजी संमत केलेल्या या अधिनियमास ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या २ ऱ्या कलमाने वगळले आहे ते केवळ एस. पी. जी. या नावाने ओळखले जाणारे पंतप्रधानांचे संरक्षक दल. राज्य शासनाचे लोकसेवकही त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे वर कल्पिलेला पोलीस पाटीलही येऊ शकेल. ४ थे कलम तर स्पष्ट म्हणते की शासकीय गुपिते अधिनियमात काहीही असले तरी लोकहितार्थ तक्रार सक्षम प्राधिकाऱ्याकडे करता येईल. तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

परंतु पुढे ८ वे कलम येते. देशाची सार्वभौमता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री इत्यादींना बाधक ठरण्याचा संभव असलेली माहिती चौकशीत देण्यास या अधिनियमाने कोणालाही मुभा नाही, आणि मंत्रिमंडळाच्या कामकाजासारख्या बाबतींत शासनाच्या सचिवाचे प्रमाणपत्र निर्णायक मानावयाचे आहे. ४ थ्या कलमाने जो दरवाजा उघडला त्याला ८ व्या कलमाने आतून कडी घातली. 'बाधक ठरण्याचा संभव' हा प्रयोग येथे कळीचा आहे. बाधा झाली की नाही हे पुराव्याने ठरते. संभव आहे की नाही हे अधिकाराने ठरते. शिवाय ज्याने संरक्षण मिळावयाचे तो 'छळ' म्हणजे काय, याची व्याख्या अधिनियमात नाही. निनावी तक्रारीची दखल घेतली जात नाही. खोटी अथवा क्षुल्लक तक्रार जाणूनबुजून करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आहे. बदली, बढतीतील विलंब, गोपनीय अहवालातील एक थंड वाक्य, हे छळात मोडते की नाही हे कोणी ठरवावयाचे?

या सर्व दोषांहून मोठा दोष मात्र शब्दांत नाही. अधिनियमाच्या आरंभीच तो केंद्र शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिवशी अमलात येईल, असे म्हटले आहे. ती अधिसूचना निघालेली नाही. २०१५ मध्ये, अधिनियम अमलात येण्यापूर्वीच, तो दुरुस्त करणारे विधेयक लोकसभेने संमत केले. गुपिते अधिनियमापासून मिळालेली सूट काढून घेणे आणि दहा प्रकारची माहिती तक्रारीच्या कक्षेबाहेर ठेवणे, हा त्याचा आशय होता. राज्यसभेत ते अडले आणि २०१९ मध्ये व्यपगत झाले. अशा रीतीने जी स्थिती उत्पन्न झाली ती एका वाक्यात सांगता येते : जो ठराव अमलात आहे त्यात गुप्तवार्तेतील माणूस येत नाही, आणि ज्या अधिनियमात तो येतो तो अमलात नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर त्याचे संरक्षण कायमचे भविष्यकाळात आहे.

या स्थितीची विसंगती आणखी एका तुलनेने ठळक होते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाने केंद्रीय गुप्तवार्ता संघटनांना सूट दिली असली, तरी भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांविषयीच्या माहितीला ती सूट लागू नाही. म्हणजे बाहेरच्या नागरिकाला जे विचारण्याचा हक्क आहे, ते आतल्या कर्मचाऱ्याला आपण होऊन सांगण्याचे संरक्षण नाही. प्रश्नाला वाट आहे, उत्तराला नाही.

६

संरक्षण कायद्यात नसले की ते कृपेत शोधावे लागते. महाराष्ट्रातील अलीकडचे एक प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २०२० मध्ये राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन आयुक्त रश्मी शुक्ला यांनी पोलिसांच्या बदल्यांतील कथित गैरव्यवहाराविषयी, दूरध्वनी संभाषणांच्या आधारे, एक अहवाल पोलीस महासंचालकांना सादर केला. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी त्याचा जाहीर उल्लेख केला. त्यानंतर तो अहवाल फुटल्याबद्दल शासकीय गुपिते अधिनियमासह अन्य कायद्यांखाली मुंबईत अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. संभाषणे ऐकण्याची अनुमतीच दिशाभूल करून घेतली होती, असाही आक्षेप शासनाच्या बाजूने घेण्यात आला. २०२२ मध्ये सत्तांतर झाले. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आणि त्या विभागाने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. राजकीय नेत्यांचे दूरध्वनी ऐकल्याच्या आरोपावरून शुक्ला यांच्याविरुद्ध पुणे आणि मुंबई येथे नोंदलेले दोन वेगळे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये रद्द केले.

यात कोणाची बाजू खरी, हा या समीक्षेचा विषय नव्हे. लक्षात घ्यावयाचे ते असे की, एकाच अहवालाला एका पक्षाने जागल्याची आरोळी म्हटले, दुसऱ्याने फुटलेले गुपित म्हटले, आणि त्या अहवालातील मूळ आरोप खरा होता काय, या प्रश्नापेक्षा तो बाहेर कसा आला, हा प्रश्न मोठा झाला. जागल्या कोण आणि फितूर कोण हे ठरवणारी निरपेक्ष व्याख्या कायद्यात अमलात असती, तर निर्णय व्याख्येने झाला असता. तशी ती नसल्यामुळे सत्ता बदलली की शब्द बदलतो, असा समज समाजात दृढ होतो. आणि उच्चपदस्थाच्या बाबतीत जे वादंगाने निभावते, ते कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या बाबतीत निभावत नाही.

७

हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच आहे असे नव्हे. अमेरिकेने १९९८ मध्ये गुप्तवार्ता कर्मचाऱ्यांसाठी जो कायदा केला, त्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द होता. पण प्रत्यक्षात त्याने तक्रार संसदेच्या समित्यांपर्यंत नेण्याची वाट तेवढी आखली, सूड उगवल्यास दाद देणारी तरतूद त्यात नव्हती. ती उणीव २०१२ च्या अध्यक्षीय निर्देशाने आणि २०१४ च्या कायद्याने काही अंशी भरून काढली. ब्रिटनने १९९८ च्या लोकहितार्थ प्रकटनाच्या कायद्यातून गुप्तवार्ता संघटनांना वगळले, आणि २००२ मध्ये शेलर प्रकरणात तेथील उमराव सभेने लोकहिताचा बचाव अमान्य केला. मात्र तसे करताना अधिकृत वाटा उपलब्ध आहेत, हे त्याचे कारण सांगितले. कॅनडाच्या कायद्यात लोकहिताचा बचाव मर्यादित स्वरूपात का होईना, लिहिलेला आहे. तिन्ही ठिकाणी मतभेद आहे तो आरोळी कितपत मोठी असावी याविषयी. ती ऐकणारा कोणीतरी असावा, याविषयी नाही.

गुप्ततेच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो हलका लेखू नये. परमुलखात काम करणाऱ्या माणसाचा प्राण एका नावावर अवलंबून असतो. एका कनिष्ठ कर्मचाऱ्याला जे गैरकृत्य वाटते, ते व्यापक योजनेचा भाग असू शकते. वैयक्तिक रागाने केलेल्या तक्रारी सर्वच खात्यांत असतात. हे सर्व मान्य करूनही मूळ मुद्दा अबाधित राहतो. या आक्षेपांतून निष्पन्न होते ते एवढेच की, तक्रार कोणाही ऐऱ्यागैऱ्यापुढे जाऊ नये. ती कोणापुढेच जाऊ नये, असे त्यांतून निष्पन्न होत नाही. आपल्याकडे इंटेलिजन्स ब्यूरोचा इतिहास १८८७ पर्यंत मागे जातो आणि 'रॉ'ची स्थापना १९६८ मधली आहे. तरीही या दोन्ही संघटनांना स्वतंत्र अधिनियमाचा आधार नाही, आणि त्यांच्यावर संसदेच्या समितीची देखरेख नाही. तशी व्यवस्था सुचवणारे खासगी विधेयक २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी मांडले होते. ते संमत झाले नाही. तेव्हा ब्रिटिश न्यायालयाने ज्या अधिकृत वाटांच्या आधारे बचाव नाकारला, त्या वाटाच येथे नाहीत.

यावरून दुरुस्तीची दिशा स्पष्ट होते. २०१४ चा अधिनियम अमलात आणणे ही पहिली गोष्ट. त्यातील 'छळ' या शब्दाची व्याख्या करणे आणि ८ व्या कलमातील 'संभव' या शब्दाऐवजी दाखवता येईल अशी बाधा आवश्यक ठरवणे ही दुसरी. शासकीय गुपिते अधिनियमात 'गुप्त' या विशेषणाची व्याप्ती संपूर्ण यादीवर स्पष्ट शब्दांत पसरवणे, आणि गुन्हा झाकण्यासाठी गुप्ततेचा आश्रय घेता येणार नाही असे कलम घालणे ही तिसरी. गुप्तवार्ता संघटनांतील तक्रारीसाठी त्या संघटनांबाहेरचा, परंतु गुप्ततेच्या शपथेने बांधलेला, न्यायिक दर्जाचा प्राधिकारी नेमणे ही चौथी. आणि या साऱ्याचा अधिकृत मराठी पाठ, कंसातील अक्षरांवर विसंबून न राहता, नावानिशी लिहिणे ही पाचवी. कारण जो कायदा गावच्या पोलीस पाटलाला लागू व्हावयाचा, तो त्याला वाचता आला पाहिजे.

'जागल्या' हा शब्द मराठीने आपल्या जुन्या संचयातून उचलला तेव्हा तिने नकळत एक अटही घातली. जागल्या पाटलाचा खासगी नोकर नव्हता. तो गावाचा होता. रात्री पाटलाच्याच वाड्यातून चोरीचा माल निघताना त्याला दिसला, तर त्याने काय करावे, याविषयी गावाला शंका नसे. गुप्तवार्तेच्या खात्यात काम करणारा माणूसही अखेर ज्यांच्या करातून त्याचे वेतन निघते त्या लोकांचाच राखणदार आहे. त्याची आरोळी चव्हाट्यावर ऐकू यावी असा कोणाचाच आग्रह नाही. पण ती ऐकण्यासाठी नेमलेले एक दार असावे, आणि ते ठोठावल्याबद्दल त्याचे घर बसू नये, एवढे कायद्याने पाहिले पाहिजे. आज ते पाहिलेले नाही.